उत्तर ठाऊक नसलेले प्रॅक्टिकल

सेकंड पीयूसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा, आणि ‘नीट’चा निकाल लागला की आमच्या खानापूर, बेळगाव, निपाणी भागातले पालक साधारण एकच प्रश्न घेऊन येतात: “मॅडम, मेडिकल हुकलं, आता बी.एस्सी.ला घालू काय? आणि घातलं तर गावातल्या कॉलेजात घालू, का बेळगावला?” प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर खरे तर शेजारी मान खाली घालून उभ्या असलेल्या मुलाने किंवा मुलीने द्यायचे असते आणि त्यांना ते कोणी विचारत नाही. दुसऱ्या भागाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण तालुक्याच्या गावातील एका लहान कॉलेजात रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेऊन मी पदवी मिळवली, पुढे सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केली आणि आता तशाच एका कॉलेजात शिकवते.

लहान कॉलेज म्हटले की पालकांना आधी आठवतात ती तेथे नसलेली यंत्रे. त्यांचे चुकत नाही. आमच्या लॅबमध्ये डीएनएच्या प्रती वाढवणारा पीसीआर नव्हता, अतिशीत तापमानाचे फ्रीजर नव्हते आणि पावसाळ्यात वीज गेली की इन्क्युबेटर गार पडून प्लेटांवरच्या जिवाणूंच्या वसाहती दुसऱ्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढ्याच राहत. परंतु पदवीच्या तीन वर्षांत हाताला आणि डोळ्याला जे वळण लागायचे असते, त्यासाठी ही यंत्रे फारशी लागत नाहीत. सूक्ष्मदर्शक नीट लावता येणे, निर्जंतुक पद्धतीने काम करणे, विरलनाची मालिका, म्हणजे द्रव टप्प्याटप्प्याने पातळ करत जाणे, न गोंधळता तयार करणे आणि जे दिसले ते मोजून लिहिणे, इतके ज्याला येते त्याला पीसीआर पुढे कोणीही थोड्या दिवसांत शिकवू शकतो. शिवाय वर्ग लहान असल्याने सूक्ष्मदर्शक आमच्या वाट्याला सलग तासभर येत असे आणि लॅबमधले मामा चावी घेऊन संध्याकाळपर्यंत थांबायला तयार असत. मोठ्या कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणींना रांगेत उभे राहून एकदा डोळा लावायला मिळे.

खरी उणीव यंत्रांची नव्हतीच. आमच्या अभ्यासक्रमातले जवळजवळ प्रत्येक प्रॅक्टिकल असे होते की त्याचे उत्तर मागच्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलमध्ये आधीच लिहिलेले होते. कांद्याच्या मुळात समविभाजनाच्या अवस्था दिसतात, रक्ताचा थेंब अमुक द्रवात गोठल्यासारखा होतो, अमुक जिवाणू ग्रॅम पद्धतीने रंगवल्यावर जांभळा दिसतो आणि तमुक गुलाबी. बेडकाचे विच्छेदन होते तेव्हाही बेडकाच्या हृदयाला तीनच कप्पे आहेत हे सगळ्यांना आधी ठाऊक असायचे; विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०१४ मध्ये पूर्णपणे विच्छेदन थांबवायला सांगितले, त्यात जीवशास्त्राचे फारसे काही बुडाले असे मला वाटत नाही. उत्तर ठाऊक असेल तर विद्यार्थी निरीक्षण करत नाही, तो उत्तराशी जुळणारे चित्र शोधतो आणि ते सापडले नाही तर पुस्तकातले काढतो. ही सवय मोठ्या कॉलेजातही असते. पण लहान कॉलेजात ती मोडणे सोपे असते, आणि हे मला कळले ते आमच्या एका सरांनी तृतीय वर्षात केलेल्या उद्योगामुळे.

कांद्याचे प्रॅक्टिकल सर्वांना माहीत असते. कांद्याचा बुडखा पाण्याला टेकवून ठेवला की दोनतीन दिवसांत पांढरी मुळे फुटतात. त्यांची टोके सकाळी कापून अल्कोहोल आणि अ‍ॅसेटिक आम्लाच्या मिश्रणात ठेवायची, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात गरम करून मऊ करायची, अ‍ॅसिटोकार्माइनने रंगवायची आणि कव्हरस्लिपखाली अंगठ्याने दाबायची. कांद्याची १६ गुणसूत्रे इतकी मोठी असतात की साध्या सूक्ष्मदर्शकातही ती स्पष्ट दिसतात. सरांनी यात एकच बदल केला. त्यांनी मुळे तीन पाण्यांत वाढवायला लावली: एक विहिरीचे, एक मलप्रभा नदीचे आणि एक बळ्ळारी नाल्याचे. बेळगाव शहराचे सांडपाणी घेऊन हा नाला शहापूर, वडगावच्या शिवारातून वाहतो आणि जोराच्या पावसात भातशेतीत घुसतो, हे या भागात राहणाऱ्या कोणालाही सांगायला नको. बाटल्यांवर अ, ब, क अशी अक्षरे मामांनी घातली होती, आणि कोणत्या अक्षराचे पाणी कुठले हे मोजणी संपेपर्यंत आम्हाला कोणी सांगितले नाही.

हजार पेशी मोजायच्या आणि त्यांतल्या किती विभाजनाच्या अवस्थेत आहेत ते लिहायचे, म्हणजे विभाजन निर्देशांक मिळतो. त्याशिवाय विलग होणाऱ्या गुणसूत्रांच्या दोन गटांमध्ये अडकून राहिलेला पूल, मागे राहिलेला तुकडा, पेशीत सुटलेले छोटे केंद्रक अशा विकृती वेगळ्या नोंदवायच्या. या चाचणीला जगभर ‘अ‍ॅलियम चाचणी’ म्हणतात. तिचा पाया स्वीडनच्या आल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ मध्ये कोल्चिसिन या वनस्पतिजन्य द्रव्याचा कांद्याच्या मुळांवरील परिणाम अभ्यासून घातला. याच लेव्हान यांनी जो हिन त्जिओ यांच्याबरोबर १९५६ मध्ये माणसाची गुणसूत्रे ४८ नसून ४६ आहेत हे दाखवून दिले. तीस वर्षांहून अधिक काळ ४८ हा आकडा पुस्तकांत होता आणि चांगली चांगली माणसे सूक्ष्मदर्शकात पाहून ४८ मोजत होती, ही गोष्ट सरांनी आम्हाला मुद्दाम मोजणीच्या आधी नव्हे, नंतर सांगितली.

नंतर सांगण्याचे कारण होते. नाल्याच्या पाण्यातली मुळे आखूड राहिली होती हे पट्टीनेही दिसत होते. परंतु विभाजन निर्देशांकाकडे पाहिले तर एकच स्लाइड मी आणि माझ्या जोडीदाराने मोजली असता आमच्या दोघांच्या आकड्यांत जो फरक पडत होता, तो दोन पाण्यांमधल्या फरकापेक्षा मोठा होता. विभाजनाची सुरुवातीची अवस्था कुठे संपली आणि साधी पेशी कुठे सुरू झाली, याबद्दल आमचे एकमत नव्हते. मग आधी व्याख्या लिहून काढावी लागली, पुन्हा मोजावे लागले, आणि एका पाण्याला एकच कांदा पुरत नाही हेही तेव्हाच उमगले, कारण एक कांदा दुसऱ्यासारखा वाढत नाही. परीक्षेच्या दृष्टीने यातून आम्हाला एकही जादा मार्क मिळाला नाही. पण पडताळ्यासाठीचा नमुना, पुनरावृत्ती, निरीक्षकाचा पूर्वग्रह हे पुढच्या वर्षांत संख्याशास्त्राच्या तासाला आलेले शब्द मला पाठ करावे लागले नाहीत.

याच धर्तीवर निपाणीकडच्या मुलांना मी आता तंबाखूचे काम देते, आणि त्यामागे विषाणूशास्त्राचा सगळा आरंभ आहे. तंबाखूच्या पानांवर फिकट आणि गडद हिरव्या रंगाची नक्षी उमटवणाऱ्या रोगाला आडोल्फ मायर यांनी १८८६ मध्ये ‘मोझेइक’ म्हटले. १८९२ मध्ये दिमित्री इव्हानोव्हस्की यांनी जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही रोगाचे कारण पलीकडे जाते हे दाखवले. १८९८ मध्ये बायेरिंक यांनी हा जिवाणू नसून काही वेगळेच आहे असे ठामपणे मांडले, आणि १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्ले यांनी त्या विषाणूचे स्फटिक मिळवले, ज्याबद्दल त्यांना १९४६ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. हे सारे आमच्या पुस्तकात एका परिच्छेदात उरकलेले असते. आणि ज्या मुलीचे वडील विडी-तंबाखूचे पीक घेतात, जिने ही नक्षी बांधावरून शंभर वेळा पाहिलेली आहे, ती हा परिच्छेद परदेशातली गोष्ट म्हणून पाठ करते!

हा विषाणू फार चिवट आहे. वाळलेल्या तंबाखूत तो वर्षानुवर्षे टिकतो आणि तंबाखू हाताळलेल्या हातांवरून टोमॅटोच्या रोपांवर जातो. तेव्हा प्रश्न असा विचारता येतो की निपाणीच्या बाजारातल्या विडीत जो तंबाखू आहे, त्यात रोग पसरवू शकणारा विषाणू असतो का, आणि असेल तर किती. याला महागडे काहीच लागत नाही. तंबाखू खलात वाटून त्याचा अर्क काढायचा, त्याचे दहापट, शंभरपट विरलन करायचे, पानावर कार्बोरंडमची बारीक, खरखरीत भुकटी भुरभुरून तो अर्क हलकेच चोळायचा. ‘निकोटियाना ग्लुटिनोझा’ ही तंबाखूच्याच भावकीतली वनस्पती विषाणू जिथे शिरला तिथेच स्वतःच्या पेशी मारून त्याला अडवते, त्यामुळे पानावर करपलेले ठिपके उमटतात आणि ते बोटाने मोजता येतात. फ्रान्सिस होम्स यांनी १९२९ मध्ये ही पद्धत बसवली. विद्यार्थी पहिल्यांदा हे करतात तेव्हा नुसत्या पाण्याने चोळलेल्या पानावरही काही डाग दिसतात, आणि ते डाग विषाणूचे की कार्बोरंडमच्या ओरखड्याचे यावर वर्गात जे भांडण होते ते मी मुद्दाम लवकर मिटवत नाही.

निपाणीचा विषय निघाला म्हणून एक बाजूची गोष्ट. निपाणी शहर कर्नाटकात, पण त्याला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद कॉलेज महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यात. म्हणजे तेथे शिकणारी मुले शिवाजी विद्यापीठाची, आणि निपाणीतल्या कॉलेजांतली मुले २०१० मध्ये स्थापन झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाची. एकाच गल्लीतले दोघे भाऊ दोन राज्यांच्या अभ्यासक्रमांत शिकतात. एम.एस्सी.साठी धारवाड की कोल्हापूर हा प्रश्न तेव्हा घरात भावनेने सोडवला जातो. माझे मत असे की तो प्रयोगशाळा आणि मार्गदर्शक पाहून सोडवावा, आणि सीमाभागातील ८६५ गावांतल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात काही अभ्यासक्रमांना ज्या राखीव जागा असतात त्यांची चौकशी वेळेत करावी.

रक्तगटाच्या प्रॅक्टिकलमध्ये तर वर्गातच सगळा विदा (डेटा) तयार होतो आणि आपण तो जर्नलमध्ये एका ओळीत संपवतो. समजा कॉलेजातल्या १०० जणांत ओ गटाचे ३६, ए गटाचे २८, बी गटाचे २८ आणि एबी गटाचे ८ निघाले. ओ गटाच्या माणसाकडे ओ जनुकाच्या दोन प्रती असतात, म्हणून ०.३६ चे वर्गमूळ काढले की ओ जनुकाची वारंवारता ०.६ येते, ओ आणि बी गटाची माणसे मिळून ०.६४, त्याचे वर्गमूळ ०.८ ही ओ आणि बी जनुकांची मिळून वारंवारता, म्हणजे ए जनुकाची वारंवारता ०.२, त्याच रीतीने बी जनुकाचीही ०.२. आता एबी गटाचे किती असावेत? दोन गुणिले ०.२ गुणिले ०.२, म्हणजे १०० मागे ८. वरचे आकडे मी जुळतील असेच घेतले आहेत. खऱ्या वर्गाचे आकडे असे जुळत नाहीत, आणि ते का जुळत नाहीत यातच गंमत आहे. हार्डी आणि वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये मांडलेला हा नियम असे गृहीत धरतो की लग्ने जनुकांच्या दृष्टीने योगायोगाने होतात. आमच्या भागात मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत मामाची मुलगी करण्याची चाल आहे, काही घरांत सख्ख्या भाचीशीही लग्न होते. आत्तेमामे भावंडांच्या अपत्याला एखाद्या जागी एकाच पूर्वजाकडून आलेल्या दोन सारख्या प्रती मिळण्याची शक्यता १६ त १ असते, मामा-भाचीच्या अपत्याला ८ त १. हे गणित सोडवून झाल्यावर वर्गात शांतता पसरते, कारण प्रत्येक जण मनात आपल्या घरातली लग्ने मोजत असतो.

त्याच ट्रेवर आणखी एक धडा पडलेला असतो. आपण वापरतो ती तीन प्रतिद्रव्ये रक्तपेशींवरच्या ए, बी आणि डी या खुणा, म्हणजे प्रतिजन, ओळखतात. ज्या माणसाच्या रक्तात ए आणि बीचा पाया असलेला एच प्रतिजनच नसतो, तो या चाचणीत ओ गटाचा दिसतो. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत असे रक्त प्रथम ओळखले, म्हणून त्याला ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणतात. अशा माणसाला साधे ओ गटाचे रक्त दिले तर ते जिवावर बेतू शकते. म्हणजे चाचणीने ‘ओ’ सांगितले याचा अर्थ ‘ए आणि बी ओळखणाऱ्या दोन द्रवांना प्रतिसाद मिळाला नाही’ एवढाच असतो. पुढे निदान प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मुलांना हे वाक्य पदवीच्या पहिल्याच वर्षी कळावे असे मला वाटते. (बोट टोचण्यापूर्वी प्रत्येकाची संमती घ्यावी, सुई एकाला एकच वापरावी आणि फळ्यावर नावे न लिहिता फक्त आकडे लिहावेत, हे सांगायला नको, तरी सांगते.)

बेळगावला जैववैद्यकीय काम म्हणजे मोठ्या इस्पितळांचे काम, अशी एक समजूत आहे. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फिरायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना मी विचारते की या जागेला हे नाव का, आणि उत्तर क्वचितच येते. येथे देवीची लस तयार होत असे. वासरांच्या खरवडलेल्या कातडीवर व्हॅक्सिनिया विषाणू वाढवायचा, तो गोळा करून शुद्ध करायचा, आणि पुढच्या काळात गोठवून वाळवायचा. राष्ट्रीय देवी निर्मूलन मोहिमेत गोठवून वाळवलेली लस बनवणाऱ्या देशातल्या चार संस्थांपैकी बेळगावची एक होती; बाकीच्या गिंडी, हैदराबाद आणि पटवाडांगर येथील. वाळवलेल्या लशीचा कस असा होता की ३७ अंश सेल्सिअस तापमानात चार आठवडे ठेवूनही तिची ताकद पुरेशी राहिली पाहिजे, आणि ती ताकद मोजायची ती कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर उमटलेले फोड मोजून. तंबाखूच्या पानावरचे ठिपके आणि अंड्याच्या पडद्यावरचे फोड यांत तत्त्व एकच आहे. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. त्या कामात विरलन आणि मोजणी अचूक करणारे हात होते, आणि ते हात घडवायला आज तालुक्याचे कॉलेज पुरेसे आहे.

पुढे जाणाऱ्यांना थोडे व्यवहाराचे. बेळगावातच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. २००६ मध्ये ती प्रादेशिक केंद्र म्हणून सुरू झाली. खानापूरच्या जंगलात, भीमगडच्या बाजूला, नरक्याची झाडे आहेत. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून जो कॅम्प्टोथेसिन हा घटक वेगळा केला, तोच १९७२ मध्ये नरक्यात सापडला आणि त्यापासून पुढे कर्करोगावरची औषधे निघाली, म्हणूनच आज नरक्याची चोरटी तोड होते. तिन्ही विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती पदवीच्या विद्यार्थ्यांनाही मिळते, आणि तिच्या अर्जात ‘तुम्ही काय केले’ याला ‘बळ्ळारी नाल्याच्या पाण्याची अ‍ॅलियम चाचणी’ असे उत्तर लिहिता आले तर कॉलेजाचे नाव कोणी ऐकलेले नसले तरी अर्ज वाचला जातो. इंग्रजीची भीती बाळगणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलांना मी एवढेच सांगते की निरीक्षणे आधी मराठीत लिहा, भाषांतर नंतर.

लहान कॉलेजात प्रवेश घेण्यापूर्वी मात्र एकदा लॅबमध्ये जाऊन यावे. प्राचार्यांच्या खोलीतली माहितीपत्रके राहू द्यावीत. सूक्ष्मदर्शकाची शंभरपट भिंग असलेली नळी फिरवून पाहावी. तिच्यावर जुने तेल वाळून चिकटलेले असेल तर ती कित्येक महिन्यांत कोणी पुसलेली नाही. मग अटेंडर मामांकडून एकाच प्रयोगाची, तीन वेगवेगळ्या विद्यार्थ्यांची जर्नले मागून घ्यावीत आणि आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. तिघांचे आकडे दशांशापर्यंत सारखे असतील तर दुसरे कॉलेज बघावे. ते वेगळे असतील, आणि त्या वेगळेपणाखाली शिक्षकांनी लाल शाईने ‘का?’ असे विचारलेले असेल, तर इन्क्युबेटर जुना असला तरी खुशाल फी भरावी.